पहिला मासा तळ्याचा

अक्कलकोटला माणसं स्वामींच्या दर्शनाला जातात. मी मासे गरवायला गेलो होतो. परत आल्यावर वाडीत ज्याला ज्याला हे सांगितलं त्याने आधी माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या बायकोकडे, हा माणूस ठीक आहे ना म्हणून. वाघोटण खाडीच्या काठावर सहासष्ट वर्षं काढलेला, पोस्टातून निवृत्त झालेला, तांबोशीपुढे दुसऱ्या माशाला किंमत न देणारा मी सोलापूरच्या माळावर मासे धरायला जातो, म्हणजे गंमतच. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा लिहूनच काढतो.

खरं कारण मासे नव्हतेच. आमची एकुलती एक मुलगी कल्याणी दोन वर्षांपूर्वी अक्कलकोटच्या एका लिंगायत घरात लग्न करून गेली. जावई नागेश चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला, स्वभावाने शांत, नाव ठेवायला जागा नाही. पण लग्नाचं तिने मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. त्यात घर पक्कं शाकाहारी. माझं डोकं फिरलं. निघायच्या दिवशी मी गुडघा धरून बसलो आणि बायकोला एकटीला लग्नाला पाठवलं. गुडघ्याला काही झालेलं नव्हतं. ते बायकोला कळत होतं आणि कल्याणीलाही न सांगता कळलं. तेव्हापासून फोनवर ती माझ्याशी विचारलेल्याचं उत्तर देण्यापुरती बोलायची. जेवलीस का? हो. बरी आहेस ना? हो. आईला द्या. पूर्वी हीच मुलगी शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून काढायच्या आत दिवसभराचं सगळं सांगून मोकळी व्हायची. मला ते बोलणं परत हवं होतं. चूक माझी होती हेही मला ठाऊक होतं, फक्त ते कबूल कसं करायचं हे पोस्टात कोणी शिकवलं नव्हतं.

माघ सरत आला तेव्हा व्याह्यांचा फोन आला. त्यांचं नाव शिवप्पा, पण सगळं गाव त्यांना आप्पा म्हणतं. अक्कलकोटात त्यांचा शेंगदाणा तेलाचा घाणा आहे.

"व्याही, तुमाला मासं धरायचा नाद हाय म्हणं. आमच्या गावाकडं तळं हाय की. आता पंधरा दिवस गळाला मोकळं असतंय. या."

ज्या माणसाने जन्मात मासा ताटात पाहिलेला नाही, तो मला मासे धरायला बोलवत होता. नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

अक्कलकोट, शुक्रवार

प्रवासाचं काही सांगत नाही. दोन बस बदलल्या आणि पाठ धरली, एवढंच. आप्पांचं घर सापडायला पत्ता विचारावा लागला नाही. गल्लीच्या तोंडाशीच ताज्या शेंगदाणा तेलाचा वास आला आणि त्याच्या मागे मागे गेलो तर दारात कल्याणी उभी.

तिने वाकून नमस्कार केला. "प्रवास बरा झाला?"

"झाला."

"हात-पाय धुऊन घ्या," म्हणाली आणि आत गेली. दोन वर्षांनी भेटलेल्या बापलेकीचं संभाषण इथे संपलं.

जेवायला गव्हाची हुग्गी होती, म्हणजे गूळ घालून घट्ट शिजवलेली खीर. पाहुण्याला ती घातल्याशिवाय इथे पाहुणचार झाला असं धरत नाहीत. शिवाय भरलं वांगं, दही, शेंगाचटणी आणि कडक भाकरी. आमची तांदळाची भाकरी तव्यावरून उतरली की लगेच खायची, दुपारी तिच्यात राम राहत नाही. ही ज्वारीची पापडासारखी भाकरी महिनाभर टिकते म्हणे. मोडताना असा आवाज झाला की मी दचकलो. आप्पा हसले, विहीणबाईही पदराआड हसल्या. कल्याणी वाढत होती. तिने ताटात दुसऱ्यांदा दही वाढलं, मला लागतं तेवढंच, न विचारता. पण वर पाहिलं नाही.

नंतर मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो तर आतून तिचं बोलणं ऐकू आलं. सासूशी कानडीत बोलत होती, भरभर, मधे मधे हसत. मला एक अक्षर कळत नव्हतं. तरी मी तांब्या हातात धरून ऐकत उभा राहिलो. मी आत पाऊल टाकलं आणि ते बोलणं थांबलं. मला फार वाईट वाटलं.

तळ्यावर, शनिवार

उजाडताना आप्पा आणि मी त्यांच्या जुन्या स्कूटरवरून निघालो. पुढे पायाशी पेंडेचं पोतं, मागे गळाच्या काठ्या उभ्या धरून मी. दक्षिणेला, कर्नाटकाच्या अंगाला रस्ता जातो. दोन्ही बाजूंनी छातीएवढी ज्वारी, कणसं पांढरी पडू लागलेली, आणि तिच्यावर पातळ धुकं. आमच्याकडे सकाळी डोळे उघडले की डोंगर समोर असतो. इथे नजर कुठेच अडत नाही. थोड्या वेळाने मला स्कूटरचा आवाजही येईनासा झाला, झोपेतच कोणीतरी आपल्याला पुढे नेतंय असं वाटायला लागलं.

मग एका चढावर आप्पा थांबले आणि खाली तळं दिसलं.

समुद्राशेजारी वाढलेल्या माणसाला तळ्याचं काय कौतुक, असं मीही जाताना म्हणत होतो. पण हे पाणी इतकं स्वस्थ होतं की बोलताना आपोआप आवाज खाली आला. आमच्या खाडीला सारखं कुठेतरी जायचं असतं, भरती म्हणू नका, ओहोटी म्हणू नका. या पाण्याला कुठेच जायचं नव्हतं. पलीकडच्या काठाला वाळक्या बाभळी गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. मधोमध एक रस्ता वर आला होता. तळं बांधलं तेव्हा बुडालेला हा जुना गाडीरस्ता, उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरलं की दर वर्षी वर येतो. दोन्ही बाजूंना बैलगाडीच्या चाकोऱ्या अजून दिसतात. तो चालत चालत घोटाभर पाण्यात उतरतो, नाहीसा होतो आणि पलीकडच्या काठाला परत निघतो. मी त्याच्या टोकाशी कितीतरी वेळ उभा राहिलो.

तळं गावच्या मच्छीमार सोसायटीचं. पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं, बोटुकली म्हणतात त्यांना, आणून सोडतात. रोहू, कटला, मृगळ. चैत्रात जाळी पडतात. त्याआधी हे पंधरा दिवस गावाला आणि गावच्या पाहुण्यांना गळ टाकायची मुभा. राखणीला मेहबूबचाचा, सत्तरीचे, पांढरी दाढी, बांधावर त्यांची झोपडी. त्यांनी माझी काठी हातात घेऊन वजन पाहिलं, परत दिली आणि नियम सांगितला.

"देखो साहब, हितं एकच कायदा. पहिला मासा तळ्याचा. वल्ल्या हातानं धरायचा, गळ सोडवायचा, पाण्यात तोंड करून धरायचा, तो आपसे जाईपर्यंत. दुसऱ्यापासून तुमचा. पाहुण्यासाठी गावचा माणूस शब्द देतो. आप्पा, देताव?"

"देतो की," आप्पा म्हणाले. पाण्याला हात लावून त्यांनी तो कपाळाला लावला. मी मान डोलावली. ऐकलं होतं, समजलंही होतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं त्याला मला कळलं नाही अशी सबब नाही.

आमिष म्हणून आम्ही कोळंबी लावतो. इथे शेंगदाण्याची पेंड आणि ज्वारीचं पीठ मळून गोळी करतात. म्हणजे इथले मासेसुद्धा शाकाहारी, असं मी म्हटलं तर आप्पांना ते फार आवडलं. दिवसभर ते चारदा कोणाकोणाला सांगून झालं. तरंगायला कडब्याच्या ताटाचा तुकडा. मी गळ टाकून बसलो, आणि आप्पांनी पलीकडे पोतं सोडून पेंडेचे तुकडे पाण्यात टाकायला सुरुवात केली.

"बर्री, बर्री," ते हलक्या आवाजात म्हणत होते. कानडीत मोठ्या माणसाला या म्हणतात, तसं. बारा वर्षं घाण्यावरची तुकडा पेंड ते आठवड्यातून दोनदा इथे आणून टाकतात. पाणी हलकेच फुगायचं, एक काळी पाठ वर यायची आणि नाहीशी व्हायची.

ऊन चढलं. बगळे उडाले, परत बसले. माझे डोळे मिटत होते की उघडे होते कोण जाणे. पाण्याकडे पाहता पाहता मी आमच्या खाडीत होतो, होडीत वडील होते, आणि त्यांनी मला पहिल्यांदा दाखवलं होतं ते मी पाहत होतो. मासा तडफडू द्यायचा नाही. वर आला की वीतभर दांडकं डोक्यात, एकच, नेमकं. तडफडणारा मासा पाहत बसणारा माणूस निर्दय, असं ते म्हणत. आमच्या घरची दया ती. कल्याणीलाही मी तेच शिकवलं होतं.

कडब्याचा तुकडा बुडाला. हिसका दिला तसा रोहू लागला, दीड-दोन किलोचा, सोनेरी खवल्यांचा. पाच-सात मिनिटं त्याने मला खेळवलं. काठावर घेतला, आणि पन्नास वर्षांच्या सवयीने हाताने पिशवीतून दांडकं काढून त्याच्या डोक्यात घातलं.

मासा थरथरला आणि थांबला. मी समाधानाने वर पाहिलं. आप्पा उभे होते, हातात पेंडेचा तुकडा तसाच. त्यांचा चेहरा पाहिल्यावर मला जाग आली.

ते जवळ आले, खांद्यावरचा टॉवेल काढला आणि त्या माशावर घातला. जन्मात त्यांनी डोळ्यांसमोर काही मारलेलं पाहिलं नव्हतं. हे मला नंतर चाचांनी सांगितलं, पण तेव्हाही कळत होतं.

"आप्पा, हात गेला हो माझा," मी म्हणालो. "तोंडाने हो म्हणालो आणि हाताने हे केलं."

"व्हय, व्हतंय तसं," ते म्हणाले. आवाज मात्र त्यांचा नव्हता.

चाचांनी माझी काठी घेतली आणि झोपडीसमोरच्या कडुलिंबाच्या फांदीला टांगली. मासा त्यांनी बांधाखाली पुरला. या काठावर पहिला मासा मेला तर खात नाहीत.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"आता गळ न्हाई. आहे तोवर माशांना खाऊ घाला. गळ उतरवायचा एकच रस्ता. तुमच्या घरच्या माणसानं येऊन स्वतःच्या हातानं मासा धरायचा, तुमचं नाव घ्यायचं आणि सोडायचा."

"मी सोडतो की," आप्पा लगेच म्हणाले. "व्याही घरचेच."

"आप्पा, सोडायला आधी धरायला लागतंय. तुमी गळ टोचताव व्हय माशाला?"

आप्पांनी हातातल्या पेंडेकडे पाहिलं. मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या घरचं माणूस इथे एकच होतं, आणि तिच्याकडे काही मागायचा मला हक्क नव्हता.

रविवार आणि सोमवार

सकाळी कल्याणी चहा घेऊन आली तेव्हा मी तिला सांगून टाकलं. आप्पांनी घरात एक शब्द काढला नव्हता. "काल माझ्या हातून पहिला मासा मेला. आप्पांचा शब्द गेला." उपाय सांगितला नाही. ती म्हणाली, "चहा गार होतोय." आणि गेली.

दोन दिवस मी मासे पोसले. गळ टाकायला आलेला माणूस पेंड टाकत बसला होता, आणि येणारा-जाणारा आधी लिंबाकडे पाही, मग माझ्याकडे. लाज वाटली. कोणी टोमणा मारला नाही, उलट एका म्हाताऱ्याने जवळ बसून मला तंबाखू मळून दिली, त्याने तर आणखीच वाटली.

पण दुपारपर्यंत ती लाजही विरघळून जायची. पेंडेचा तुकडा पाण्यात फुगतो, त्याच्याभोवती बारीक बुडबुडे येतात, मग खालून एक सावली. कटला वरच्या पाण्यात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, हे आप्पांनी शिकवलं. ते मासा खात नाहीत, पण कोण कुठे जेवतो हे त्यांना पाठ आहे. मीही "बर्री, बर्री" म्हणायला लागलो. माझं कानडी ऐकून मासे येत नाहीत असं आप्पांचं म्हणणं, पण ते येत होते. पन्नास वर्षं मी पाण्याकडे काहीतरी काढायला पाहत होतो. नुसतं द्यायला पहिल्यांदाच बसलो. आमच्यात फारसं बोलणं होत नव्हतं. सोमवारी मात्र आप्पा पाण्याकडे बघत म्हणाले, "पोरीला मागून तर बघा."

"कुठल्या तोंडानं मागू आप्पा? तिच्या लग्नाला आलो नाही मी."

"व्हय," आप्पा म्हणाले. "ते लई वाईट केलाव." आणि शांतपणे पुढचा तुकडा मोडून त्यांनी अर्धा मला दिला. इतकं सरळ मला दोन वर्षांत कोणी बोललं नव्हतं. राग आला नाही, हलकंच वाटलं.

बुधवारचं परतीचं तिकीट खिशात होतं.

मंगळवार

दहाच्या सुमाराला पाण्यातून वर आलेल्या त्या जुन्या रस्त्यावरून कोणीतरी चालत येताना दिसलं. ऊन पाण्यावरून उलटं चमकत होतं, त्यामुळे पाय दिसत नव्हते, नुसती आकृती तरंगत जवळ येत होती. मला वाटलं, डोळा लागला आपला. जवळ आल्यावर कल्याणी निघाली. स्कूटी तिने पलीकडे लावली होती आणि साडीचा पदर खोचला होता.

माझ्याकडे न येता ती चाचांकडे गेली. "चाचा, तुमचा गळ द्या."

चाचांनी बांबूची काठी दिली. पेंडेची गोळी तिने स्वतः मळली. माझ्यापासून पाच हातांवर बसली आणि गळ टाकला. आप्पा उठून झोपडीकडे गेले. कारण काढलं पाणी प्यायचं, पण पाण्याची बाटली इथेच होती.

बराच वेळ गेला.

"आप्पांनी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"इथे सगळ्यांना माहीत असतो हा नियम. मला रविवारीच कळलं होतं काय लागतं ते." ती कडब्याच्या तुकड्याकडेच पाहत होती. "वाट पाहत होते तुम्ही मागता का."

"मागायचं होतं. पण कल्याणी, मी गुडघ्याचं खोटं बोललो. लग्नाला यायला हवं होतं मला. राग होता, दुसरं काही नाही. मी चुकलो."

तिच्या गळाचा तुकडा बुडाला. तिने हिसका दिला, काठी वाकली, आणि मला पुढे व्हायचं होतं पण मी हात मांडीखाली दाबून बसलो. रोहूच होता, माझ्या रोहूपेक्षा लहान. तिने हात ओले केले, गळ सोडवला, वाकून त्याचं तोंड पाण्यात धरलं. चाचा आणि आप्पा मागे येऊन उभे राहिले होते.

"नाव घे, बेटी," चाचा म्हणाले.

"मधुकर," ती म्हणाली. "माझे बाबा. यांच्या नावानं."

मासा तिच्या हातात क्षणभर तसाच राहिला, मग शेपटी हलली आणि तो गेला. ती तशीच वाकून राहिली. मला वाटलं हात धुतेय. रडत होती.

चाचांनी माझी काठी उतरवून आणली. मी घेतली नाही. त्या दिवशी गळ तिच्याकडेच राहू दिला, आणि तासाभरात तिने दुसरा मासा धरला, तिचा स्वतःचा.

तेव्हा आप्पा म्हणाले, "चाचा, घरात सांगा शिजवायला. दोन वर्षं झाली, पोरीनं मासं खाल्लं न्हाई. आमी कदी नको म्हणलं न्हाई, तिनंच सोडलं. आमच्या चुलीवर जमायचं न्हाई, हितं जमतंय की."

कल्याणी त्यांच्याकडे बघतच राहिली. तिला वाटत होतं कोणाच्या लक्षात आलेलं नाही.

चाचींनी लाल मसाल्यात केला. गोड्या पाण्यातल्या माशाबद्दल माझं मत काय होतं ते वाडीत सगळ्यांना माहीत आहे. ते मी इथे परत घेतो. काट्यांबद्दलचं परत घेत नाही, रोहूत नको तिथे काटे असतात, आणि खाडीकाठच्या माणसाच्या घशात काटा अडकावा ही नामुष्की तिथे झाली. सुकी भाकरी गिळून तो उतरवला. कल्याणी इतकी हसली की तिला ठसका लागला. आप्पा आमच्याकडे पाठ करून, पाण्याकडे तोंड करून बसले होते. त्यांचं ताट वेगळं, दही-भाकरीचं. मधेच त्यांनी मागे न पाहता विचारलं, "मीठ बराबर हाय का?"

"बरोबर आहे आप्पा," ती म्हणाली.

मग तिने हात धुतले, माझ्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आता ऐका. सगळं सांगते. मधे बोलायचं नाही."

आणि तिने तिचं लग्न सांगितलं. पहाटे आईने तिला उठवलं तिथपासून. हळद कोणी लावली, मंगलाष्टकं म्हणणारा कसा चुकला, माझ्या जागी मामा कसा उभा राहिला. मांडवात तिने तीनदा दाराकडे पाहिलं. चौथ्यांदा नागेश म्हणाला, थांबू या का थोडं. थांबले. मुहूर्त टळायला आला तेव्हा लग्न लावणारे जंगम रागावले.

"पाऊस आला होता थोडा," ती म्हणाली.

"पाऊस न्हवता," आप्पा पाठमोरेच म्हणाले. "नुसतं आभाळ आलतं."

"बरं, आभाळ."

ऊन कललं, बाभळींच्या सावल्या पाण्यावर लांब झाल्या, तरी ती सांगत होती. मी एकदाही मधे बोललो नाही. दोन वर्षं उशिरा, मंगळवारी दुपारी, त्या तळ्याच्या काठावर बसून मी माझ्या मुलीच्या लग्नाला हजर राहिलो.